निंबाजी कथेकरी आणि कोंडलेले शेवट

एका राज्यात, नाव विचारू नका, नाव सांगून मला भांडण ओढवून घ्यायचं नाही, चित्रध्वज नावाचा राजा होता आणि त्याच्या पदरी निंबाजी नावाचा कथेकरी होता. तिथली चाल अशी की, कुणाची अखेरची घटका आली की कथेकऱ्याने उशाशी बसावं आणि एक कथा सांगावी. कथा संपली की माणूस डोळे मिटे. मागे रडारड व्हायची ती होई, पण एकटं असं कुणी जात नसे.

निंबाजीचे वीर म्हणजे काय विचारता. आगीत शिरत, राक्षसाच्या दाढेत पाय रोवून उभे राहत, आणि भीती कशाशी खातात ते त्यांना ठाऊक नसे. निंबाजी स्वतः मात्र घरात पाल निघाली तरी पाटावर चढून बायकोला हाक मारी. हसू नका. कथा सांगणारे बहुधा असेच असतात, मी काही वेगळा नाही.

पुढे राजा आजारी पडला. वैद्यांनी हात टेकले. निंबाजी उशाशी बसून कथा सांगू लागला, तर राजाने त्याला निम्म्यावर थांबवलं. "बाहेर जा," एवढंच म्हणाला. आणि त्याने कालदंत नावाच्या मांत्रिकाला बोलावणं धाडलं.

कालदंत म्हणाला, "महाराज, मरण म्हणजे आयुष्याचा शेवट. शेवटच उरला नाही तर मरण येईल कुठून? राज्यातले झाडून सारे शेवट मी या तांब्याच्या पेटीत कोंडतो. आपण फक्त आपल्या हाताने झाकण लावा."

राजाने झाकण लावलं.

झालं, मरण थांबलं. लोकांनी गुढ्या उभारल्या, साखर वाटली. वाटून वाटून ती साखर संपेना, तेव्हा कुठे लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला. भात रटरटे पण शिजेना. दोन जावा भांडायला लागल्या त्या भांडतच राहिल्या. घसे बसले, तरी बिचाऱ्यांना थांबता येईना. लग्नाच्या मांडवात अक्षता पडत होत्या त्या पडतच होत्या. राजा पलंगावर, ना धड जिवंत ना मेलेला, आणि राजमुद्रा कालदंताच्या बोटात.

आणि निंबाजीची लेक सगुणा. ज्या दिवशी तिच्या कळा सुरू झाल्या, त्याच दिवशी पेटी बंद झाली होती. चाळीस दिवस पोर कळा देत होती. मूल येईना, कळ थांबेना. निंबाजी ओसरीवर कानांत बोटं घालून बसे. शेवटी त्याची बायको गिरजा बाहेर आली.

"जन्मभर दुसऱ्यांना सात समुद्रांपलीकडे धाडलंत," ती म्हणाली. "आता स्वतः उठा."

निंबाजीने कानांतली बोटं काढली. आणि तो उठला.

वेशीवर भारद्वाज पक्षी बसला होता. तो माणसासारखा बोले. त्या राज्यात पक्षी बोलत. "पेटी काळ्या डोंगराच्या गुहेत आहे," तो म्हणाला. "कामं तीन. तळं ओलांडायचं. नागाच्या वेटोळ्यातून पेटी काढायची. आणि ज्या हाताने झाकण लावलं, त्याच हाताने ते उघडवायचं."

"यातलं सोपं कोणतं?"

"एकही नाही. शेवटचं तर मुळीच नाही."

तळं आलं. तळ्याने विचारलं, "कोण जातो? शूर की भित्रा?" निंबाजी पाहतो तर पेटी सोडवायला परराज्यांतून आलेले सात राजपुत्र गळ्याएवढ्या पाण्यात उभे. साऱ्यांनी 'शूर' म्हटलं होतं. तळ्याला खोटं खपत नसे, ते बुडवी. पण मरण बंद, म्हणून सारे ताटकळत उभे होते आणि एकमेकांना आपापले पराक्रम ऐकवत होते.

"भित्रा," निंबाजी म्हणाला. "पण लेक घरी तळमळते आहे, म्हणून जातो."

पाणी घोट्यापर्यंत उतरलं. एक राजपुत्र ओरडला, "अहो कथेकरी, असं खरं सांगून टाकलंत तर घराण्याची अब्रू राहील का?"

"माझ्या घराण्याला सवय आहे," निंबाजी म्हणाला आणि पार झाला.

गुहेत नाग होता. त्याची कात अर्धी उतरून अडकली होती, डोळ्यांवर पडदा आला होता, अंगाची आग होत होती. वेटोळ्याच्या मधोमध पेटी. निंबाजीने लेकीचं नाव घेतलं आणि फण्याखाली हात घातला. हात असा कापत होता की पेटी खडखड वाजली.

"कालदंत नव्हेस तू," नाग म्हणाला. "त्याचा हात कधी कापत नाही. त्याला कुणाचंच काही वाटत नाही. कुणासाठी आलास?"

"लेकीसाठी."

"ने. आणि लवकर उघडव. मलाही ही कात सोसवत नाही."

निंबाजी पेटी घेऊन राजवाड्यात आला. कालदंत दारातच होता. त्याने अडवलं नाही, उलट हसून वाट दिली. "खुशाल जा. राजाला मी ओळखतो. तो उघडणार नाही."

राजाच्या पायाशी त्याची मुलगी, राजकन्या मृगावती, बसली होती. निंबाजीने पेटी पलंगावर ठेवली.

"महाराज, उघडा."

"उघडली की मी मरणार."

"होय."

"मग घेऊन जा."

निंबाजी हलला नाही. "महाराज, त्या दिवशी माझी कथा निम्म्यावर का थांबवलीत?"

राजा म्हणाला, "तुझा वीर हसत हसत मरणाकडे निघाला होता. आणि मला इथे दरदरून घाम फुटला होता. वाटलं, एवढ्या राज्यात भित्रा मी एकटाच. लाज वाटली, निंबाजी. तसं मरायची फार लाज वाटली."

निंबाजीला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. हे सारं त्याच्यामुळे झालं होतं. त्याच्याच कथांनी राजाला एकटं पाडलं होतं.

"महाराज, चूक माझी," तो म्हणाला. "मी भित्रा, म्हणून मला न भिणारी माणसं रचायला आवडायची. खरा तसा माणूस मी पाहिलेला नाही. शेकडो उशांशी बसलो. पैलवान पाहिले, साधू पाहिले. सगळे भ्यायले. कुणी माझी बाही घट्ट धरली, कुणी तहान नसताना पाणी मागत राहिला. तरी गेले. आता एक खरी कथा सांगू?"

राजाने मान हलवली.

मग निंबाजीने एका भित्र्या कथेकऱ्याची कथा सांगितली. तळं सांगितलं. पाण्यातले राजपुत्र ऐकून राजा चाळीस दिवसांत पहिल्यांदा हसला. नाग सांगितला, कापरा हात सांगितला.

"पुढे?" राजाने विचारलं.

"पुढे तो राजाकडे आला. राजा भ्यायला होता. कथेकरीही भ्यायला होता. कथेकऱ्याने राजाचा हात हातात घेतला."

"पुढे?"

"पुढचं मला ठाऊक नाही, महाराज. तिथे आपण माझ्याआधी पोहोचणार."

राजाने लेकीकडे पाहिलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग निंबाजीला म्हणाला, "भीती वाटतेच आहे. हात सोडू नकोस."

"नाही सोडत."

दुसऱ्या हाताने, ज्याने झाकण लावलं होतं त्याच हाताने, राजाने ते उघडलं.

सारे शेवट भर्रकन बाहेर पडले आणि आपापल्या घरी गेले. भात शिजला. जावा गप्प झाल्या. अक्षता थांबल्या. गुहेत नाग कातीतून मोकळा झाला. राजपुत्र घाईघाईने 'भित्रा, भित्रा' म्हणत काठाला लागले. कालदंत तीनशे वर्षांचा होता; त्याचा शेवट कधीचा त्याला शोधत होता, तो जिन्यातच भेटला. आणि चित्रध्वज राजाने निंबाजीचा हात एकदा घट्ट दाबला, मग सैल सोडला.

एकाच दिवशी राजवाड्यात सुतक आणि कथेकऱ्याच्या घरी सोयर. सुतक फिटल्यावर मृगावती सिंहासनावर बसली, नगारे वाजले, आणि लोक मोकळेपणाने रडले नि मोकळेपणाने जेवलेही.

पण निंबाजी त्याच दिवशी धावत घरी आला होता. सगुणा दमून पडली होती, कुशीत मुलगी. निंबाजीने धापा टाकतच सारी हकिगत सांगितली.

"आबा, तुम्ही नागाच्या फण्याखाली हात घातलात? तुम्ही?"

"घातला."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. अजून वाटते आहे," निंबाजी म्हणाला, आणि त्याने नातीला उचलून घेतलं.