पुढचा उजवा पाय

मुलांनो, एका डोंगराळ जंगलात एक सोशिक घोडी राहत असे. डोंगरमाथ्यावरून सूर्यास्त बघायला रोज हौशी प्राणी येत आणि त्यांना पाठीवर घेऊन ती चढण चढे. लगाम असे कोल्ह्याच्या हातात. स्वतःच्या अंगाला तोशीस लागू न देता दुसऱ्याला राबवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

एका सकाळी कोल्ह्याने माकडाला बोलावून घोडीला नवे नाल ठोकून घेतले आणि कारागीर आयताच आलाय म्हणून स्वतःच्या वहाणांच्या टाचाही ठोकून घेतल्या. माकड भारी उतावळं. घोडीच्या पुढच्या उजव्या पायाचा एक खिळा खुराच्या कडेतून बाहेर निघायला हवा होता, तो तिरपा होऊन आत मांसात गेला. घोडी थरथरली. "हलू नकोस गं!" असं तिलाच दरडावून माकड हत्यारं गोळा करून चालतं झालं.

तेव्हापासून घोडी लंगडू लागली. थांबली की तो पाय उचलून धरी. "नाटकं करतेय. चढण आली की हिला पाय आठवतो!" असं म्हणून कोल्ह्याने चाबूक ओढला. पाठीवर बसलेलं जाडजूड अस्वल वर म्हणतं कसं, "हाकला हो लवकर, माझा सूर्यास्त चुकेल!" सांगा मुलांनो, चीड येईल की नाही? झाडावरून कावळा ओरडला, "अरे, नाटक करणारी कधी हा पाय उचलेल, कधी तो. ही रोज तोच उचलते. जरा वाकून बघ की!" पण वाकलं तर कोल्ह्याची कंबर मोडणार होती ना! "तू तुझं बघ," म्हणत त्याने आणखी एक फटका दिला.

असेच दिवस गेले. एका संध्याकाळी ऐन चढणीवर कोल्ह्याच्या वहाणेतला खिळा वर आला आणि त्याच्या टाचेत घुसला. "मेलो, मेलो!" करत त्याने वाटेतच बसकण मारली. अस्वल लगबगीने खाली उतरलं, माकड धावत आलं, कुणी पाला आणला, कुणी पाणी. खिळा लगेच निघाला. तरी कोल्हा कण्हत म्हणाला, "मला घोडीवर बसवा. एक पाऊलही टाकवत नाही."

आता मात्र घोडीने मान वळवली. "कोल्होबा, तुमच्या टाचेत खिळा होता घटकाभर. त्याच माकडाने ठोकलेला खिळा मी कधीची पायात घेऊन चढतेय. तुम्ही ओरडलात, सगळे धावले. आम्हा घोड्यांना दुखलं तरी ओरडता येत नाही, म्हणून मी पाय उचलून दाखवत होते. तुम्ही चाबूक दाखवलात."

माकडाने मान खाली घालून नाल उपसला, तसा भळकन पू बाहेर आला. पाय वाचला, पण घोडी पुन्हा कधी ती चढण चढू शकली नाही. आणि कोल्हा? तो आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती पुढे काढून सांगतो, "तिच्या पायातला खिळा मीच शोधून काढला!"

तात्पर्य : ज्याला ओरडता येत नाही, त्याचं दुखणं वाकून बघावं लागतं. न बघताच त्याला नाटक म्हणणं हा नुसता आळस नव्हे, दुष्टपणा आहे.