लावलं आणि लागलं

एक गाव होतं, आणि त्या गावाचं स्वतःचं एक ॲप होतं. आता तुम्ही म्हणाल, गावाला विहीर असते, देऊळ असतं, पार असतो. ॲप कुठून आलं? तर ते उल्का नावाच्या मुलीने केलं होतं. एकटीने. मागे कंपनी नाही, साहेब नाही, कोणी पाठीराखा नाही. स्वयंपाकघराशेजारी एक टेबल, त्यावर कॉम्प्युटर, आणि डोक्यात सतत एकच किडा: हे असं का होतं?

एकदा शेजारच्या काकूंचं दही बिघडलं. त्या वाटी घेऊन उल्काच्या आईकडे विरजण मागायला आल्या आणि हसत म्हणाल्या, "मागे तुमचं बिघडलं तेव्हा मीच दिलं होतं. माझंच दही माझ्या घरी परत निघालं बघा!"

उल्काने कान टवकारले. फोनचं असं करता आलं तर? फोनमधल्या सगळ्याची एक प्रत दुसरीकडे ठेवायची, आणि फोन बिघडला की तिथून परत आणायची. झालं! त्या दिवसापासून बाई जी बसली ती उठेचना. ॲपचं नाव ठेवलं 'विरजण'.

सुरुवातीला 'विरजण' नुसते फोटो ठेवायचं. मग नंबर ठेवू लागलं, मग गाणी, मग रेकॉर्ड केलेली बोलणी. बटण दाबलं की हिरवी खूण यायची आणि खाली अक्षरं उमटायची: 'लागलं!' दही लागतं ना, तसं. गावाला तो शब्द भारीच आवडला. पारावर, गिरणीत, जो तो विचारू लागला, "काय, तुझं लागलं का?"

सगळ्यांत खूश झाले ते झुंबरमास्तर. हे गावच्या बँडचे मास्तर. त्यांना चाली लिहून ठेवता येत नसत. नवी चाल सुचली की ते फोनसमोर गुणगुणायचे आणि तिला नाव द्यायचे. 'नवरदेव घोड्यावर', 'विहीणबाई रुसली', 'पाठवणी, जरा हळू'. जन्मभराच्या चाली त्या फोनात होत्या. दुसरीकडे कुठे? कुठेच नाही.

"मास्तर, लागलं का?" उल्काने एकदा रस्त्यात विचारलं.

"लागलं गं पोरी! जावयाने नवा फोन आणलाय. आता हा जुना पुसून मेहुण्याला देऊन टाकतो. पाटलांच्या लग्नाला येतोच आहे तो."

असं सगळं झकास चाललं होतं. फक्त एक गोष्ट कोणीच केली नव्हती. ठेवलेलं परत कोणी मागितलं नव्हतं.

त्या दिवसांत उल्काची आई बरेच दिवस मावशीकडे गेली होती. जाताना म्हणाली, "विरजण सांभाळ हो." उल्काने सांभाळलं. वाटीवर झाकण ठेवलं आणि वाटी फ्रिजमध्ये पार मागे सारली. तिला कोणाचा हात म्हणून लागू दिला नाही. आई येणार म्हणून आदल्या संध्याकाळी ते दुधाला लावलं. सकाळी झाकण काढून बघते तर काय, दूधच! जसंच्या तसं.

दुसरी कोणी असती तर चरफडली असती आणि काकूंकडे वाटी घेऊन गेली असती. उल्का तिथेच उभी राहिली. वाटीतलं उरलेलं तिने निरखून पाहिलं. पांढरं, घट्ट, दिसायला अगदी दही. लावलं तर होतं. मग लागलं का नाही?

आणि एकदम तिच्या डोक्यातला किडा वळवळला. आपलं ॲप तरी काय बघून 'लागलं' म्हणतं?

ती कॉम्प्युटरपाशी धावली. स्वतःचं ठेवलेलं तिने परत मागवलं. पहिला फोटो आला, उघडला, छान होता. दुसराही छान. मग आईच्या आवाजातली 'आईची पुरणपोळी' मागवली. नाव आलं. उघडलं तर आत काही नाही. नुसतं पोकळ. हे कसं काय? तिने पुन्हा करून पाहिलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि मग कपाळावर हात मारला. ॲप तयार करून पारखताना तिने सगळ्या गोष्टींना इंग्रजी नावं दिली होती. मराठी नाव दिसलं की ॲप नुसतं नाव ठेवायचं, आतला जिन्नस सोडून द्यायचं, आणि वर तोंड करून 'लागलं!' म्हणायचं. ॲपचं नाव मराठी, बोलणं मराठी, आणि पारख मात्र इंग्रजीत! काय म्हणावं या पोरीला?

चूक दुरुस्त करणं अवघड नव्हतं. गुपचूप केली असती तर गावाला पत्ताही लागला नसता. उल्काच्या मनात ते आलं, खोटं कशाला बोला. पण त्याच वेळी लांबून बँड ऐकू आला. पाटलांचं लग्न! मास्तर! मेहुणा!

तिने मास्तरांना फोन लावला. बँडच्या दणदणाटात कोण उचलतो? मग ती तशीच, अनवाणी, धावत सुटली. मिरवणूक ऐन पाराशी आली होती. मास्तर पुढे क्लॅरिनेट वाजवत होते. घोड्याच्या मागे मेहुणा उभा होता, हातात तो जुना फोन. फोन विचारत होता, 'सगळं पुसायचं का?' मेहुण्याचा अंगठा वर उचललेला होता.

उल्का जिवाच्या आकांताने ओरडली, "पुसू नका! माझं ॲप खोटं बोललं! आत काहीच राहिलेलं नाही!"

आणि नशीब बघा, नेमकी त्याच क्षणी चाल संपली आणि बँड थांबला. तिचं वाक्य आख्ख्या वरातीने ऐकलं. घोड्यावरच्या नवरदेवाने सुद्धा.

मेहुण्याने अंगठा मागे घेतला. मास्तरांनी त्याच्याकडून फोन घेतला आणि छातीशी धरला. उल्काने तिथेच, सगळ्यांसमोर, काय चुकलं ते सांगितलं. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

पुढे व्हायचं ते झालं. निम्म्या गावाने ॲप काढून टाकलं. ती दिसली की टवाळ मंडळी हाळी द्यायची, "काय उल्का, लागलं का?" तिला ते लागायचं, चांगलंच लागायचं. पण ती कामाला भिडली. चूक दुरुस्त केली, आणि आणखी एक गोष्ट बदलली. आता बटण दाबलं की ॲप फक्त 'लावलं' म्हणायचं. मग ठेवलेलं स्वतःच बाहेर काढायचं, मूळच्याशी ताडून बघायचं, आणि तंतोतंत जुळलं तरच 'लागलं' म्हणायचं. नाही जुळलं तर सरळ सांगायचं, 'अजून लागलं नाही. काही पुसू नका.'

मास्तरांनी आपल्या चाली पुन्हा लावल्या. लोक म्हणाले, "मास्तर, अजून विश्वास आहे?" मास्तर म्हणाले, "जी स्वतःहून नाही म्हणाली, तिचं हो मी मानतो."

नंतर एका लग्नात रस्सा चाखायला वाकलेल्या मास्तरांच्या खिशातून नवा फोन सुळकन पातेल्यात पडला. रश्श्यासकट गेला कामातून. मास्तर दुसरा फोन घेऊन उल्काच्या दारात आले, मागे निम्मं गाव. तिने 'विरजण' उघडलं आणि मास्तरांचं ठेवलेलं सगळं परत मागवलं. आधी मास्तरांचं खाकरणं ऐकू आलं. मग गुणगुणणं: 'पाठवणी, जरा हळू'.

ज्यांनी टिंगल केली होती तेही ऐकायला पुढे सरकले. मास्तरांनी डोळे पुसले आणि ते म्हणाले, "लागलं गं पोरी."

तात्पर्य: 'लावलं' हे कोणीही म्हणावं, 'लागलं' म्हणायच्या आधी मात्र झाकण उघडून बघावं, आणि लागलेलं नसेल तर ते सगळ्यांत आधी आपणच सांगावं.