दोनदा उचललेला भंडारा

“बाबा, दोन शपथा एकदम मोडल्या, तर पाप एकच लागतं का दोन?”

धुळाबाबांचा झाडू थांबला. बिरोबाची पूजा करता करता म्हातारा झालेला माणूस. सगळं गाव त्यांच्या पाया पडायला बघतं आणि ते कुणाला पडू देत नाहीत. विचारणारा सिदू, तरुण मंडळाचा अध्यक्ष. यंदा त्याचं पहिलंच मत, पण ऐट अशी की जणू गाव यानंच वसवलंय.

“कसल्या शपथा?”

“भंडाऱ्याच्या.”

मग सगळं बाहेर आलं. सरपंचकीला भगवानराव आणि सुलाबाई असे दोघं उभे होते. भगवानरावांनी मंडळाला स्पीकर दिला आणि सिदूच्या तळहातावर देवाचा भंडारा ठेवून मताचा शब्द घेतला. दुसऱ्या दिवशी सुलाबाईंची माणसं क्रिकेटचं सामान घेऊन आली. गड्यानं तिथंही भंडारा उचलला! दोन्हीकडचं पदरात पडलं म्हणून लेकाचा खुशीत होता.

“आन् आता?”

“आता आई बोलत न्हाई माझ्याशी. ताई बाळंतपणाला आलीय ना... आई म्हणती, तुझी शपथ पोरीच्या पोटावर येणार.”

एवढा दांडगा गडी, पण बहिणीवर फार जीव त्याचा.

“म्हणून मी मतालाच जात न्हाई. घरात बसतो. म्हंजे कुणाला दगा न्हाई.”

“म्हंजे दोघांनाबी दगा.”

सिदू पायरीवर टेकला.

“दोघांत बरं कोण?” बाबांनी विचारलं.

“काय म्हाईत! दोघंबी सारखेच म्हणायचे.”

“पाण्याचं कोण काय करणार?”

सिदूनं डोकं खाजवलं.

“शाळेचं?”

“बाबा, मी शपथेचं विचारतोय. तुम्ही पाण्याचं काय काढलंय मधीच!”

बाबा आत गेले. गाभाऱ्यातून कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आले.

“चल, तुझ्या घरी जाऊ.”

“कशाला?”

“तुझ्या ताईच्या पोटाला कुंकू लावू. आमच्या वेळी लावायचे. बाळ पोटात असतानाच सोयरीक पक्की. माझ्या बघण्यात एक घर हाय. वरातीला स्पीकर देतो म्हणत्यात.”

सिदू ताडकन उठला.

“डोकं फिरलं का बाबा तुमचं? पोर अजून जन्मायचंय! पोरगा का पोरगी, त्याचा पत्ता न्हाई. ते मोठं होईल, बघंल, पारखंल, त्याचं ते ठरवंल. त्याच्या बदली शब्द देणारे आपण कोण?”

बाबा करंडा हातात धरून नुसते उभे राहिले.

सिदू हळूच खाली बसला. “मी तरी कुठं पारखलं... स्पीकर बघूनच शब्द दिला,” तो पुटपुटला.

“पर बाबा... ताई?”

“पोटुशीवर राग काढणारा देव मी पुजला न्हाई.” बाबांनी त्याच्या कपाळाला भंडारा लावला. “आईला सांग, म्हाताऱ्यानं सांगितलंय. आन् सामान ज्याचं त्याला नेऊन दे.”

स्पीकर परत करायला गेला तेव्हा सिदूनं भगवानरावांना विचारलं, नळाचं पाणी वरच्याच आळीला जास्त का येतं? ते खवळले. “तू कोण रे विचारणारा?” सुलाबाईंना विचारलं, मागच्या खेपेला तुम्ही पंचायतीत होता, मग शाळेचं छप्पर का गळतंय? बाईंनी चहा पाजला आणि विषय बदलला.

पण गडी चिवट. पुन्हा गेला दोघांकडं. ग्रामपंचायतीत गेला, शाळेत गेला, पारावरच्या म्हाताऱ्यांत बसला. कुणी वेड्यात काढलं, कुणी खरं सांगितलं. हा ऐकत राहिला.

मतदानाच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, धावतच देवळात आला. चेहरा नुसता फुलला होता.

“ठरलं बाबा! पुरतं पारखून ठरवलं. सांगू कुणाला?”

“मला नको.”

“बरं, ऱ्हायलं. पर मंडळाची पोरं वाट बघत्यात. सिदूदा म्हणंल त्याला, असं म्हणत्यात समदी. आता बघाच, कशी एकगठ्ठा मतं पाडतो!”

बाबा उठले. कुंकवाचा करंडा आणून त्याच्या हातात दिला.

“घेऊन जा, एकेकाच्या पोटाला लाव. पोरं लई हायेत... कमी पडलं तर आणखी देतो.”