खिशातला खुलासा

उपअधीक्षक सरंजामेसाहेबांच्या झटपट न्यायाचा जिल्ह्यात मोठा दरारा होता. मी त्यांचा रायटर, त्यामुळे तो न्याय टाइप मीच करायचो.

हवालदार रंगनाथ भालेकरांनी जत्रेच्या बंदोबस्तात नेमून दिलेली जागा सोडली, म्हणून त्यांना नोटीस निघाली. खुलासा द्यायला सात दिवसांची मुदत होती. पाचव्याच दिवशी साहेबांनी त्यांना शिक्षा सुनावायला बोलावलं. अशा वेळच्या रिवाजाप्रमाणे टोपी आणि पट्टा काढून भालेकर सावधानमध्ये उभे राहिले. साहेबांनी मी टाइप केलेला हुकूम खणखणीत आवाजात वाचला, "तुमचा खुलासा मी काळजीपूर्वक वाचला. तो समाधानकारक नाही. सबब एक वर्ष वेतनवाढ बंद. काही म्हणायचंय?"

"एकच विचारायचंय, साहेब." भालेकरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "माझा खुलासा तर अजून माझ्याच खिशात आहे. मग आपण इतक्या काळजीनं वाचलात, तो कुणाचा?"

साहेबांनी कागद घेऊन वाचला. गर्दीत बेशुद्ध पडलेल्या एका बाईला भालेकरांनी उचलून दवाखान्यात पोचवलं होतं. डॉक्टरांची चिठ्ठीही जोडलेली होती. साहेबांचे कान लाल झाले.

"टोपी घाला, हवालदार," ते पुटपुटले. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "रायटर, आजवर असे किती खुलासे वाचलेत मी?"

'खुलासा काळजीपूर्वक वाचला' हे वाक्य हुकमाच्या साच्यात कायमचंच होतं. चार वर्षं मी वरचं नाव तेवढं बदलत आलो होतो.