झोळीत पडलेला ड्रायव्हर

"मग अडलंय कुठे?" बुवांनी विचारलं.

"ड्रायव्हरवर," शार्दूल म्हणाला.

"तो कोण?"

"संगणकात एक छोटा अडॅप्टर असतो, बुवा. हवेतून येणारं वायफाय तो पकडतो. पण त्याची भाषा संगणकाला कळत नाही. मध्ये दुभाषी लागतो. तो दुभाषी म्हणजे ड्रायव्हर."

"परवापर्यंत होता की."

"होता. परवा रात्री मी सिस्टीम अपडेट केली. नव्या सिस्टीमला जुना दुभाषी चालेना."

"मग जुनी सिस्टीम परत आण."

"ती मी लगेच पुसून टाकली. अडगळ ठेवायची सवय नाही मला."

"तार जोडून?"

"याला तारेचं भोकच नाही, बुवा. नवं मॉडेल आहे."

हे त्यानं गड जिंकल्यासारखं सांगितलं. मी ओसरीवर वाती वळत बसलो होतो. हसू दाबताना हातातली वात तुटली.

शार्दूल बर्डे पुण्याच्या मोठ्या कंपनीतून बुवांच्या या डोंगरातल्या मठात आला, त्याला आता वर्ष होत आलं. हुशार आहे, यात वाद नाही. नोकरी सोडली, घर सोडलं, केस उतरवले. तोरा तेवढा बरोबर आणला.

आमच्या मठाच्या दाराआत मोबाईल येत नाही, हा थोरल्या बुवांपासूनचा नेम. संगणक एकच, आणि तोही कृष्णाक्कांसाठी. अक्का बुवांच्या गुरुभगिनी. हल्ली नांदेडला भाचीकडे अंथरुणाला खिळल्या आहेत. संध्याकाळचं निरूपण कानावर पडल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम खालच्या गावातही सगळ्यांना ठाऊक. मठ सुटला, पण नेम सुटला नाही. मग शार्दूलनं संगणकावरून इथलं निरूपण त्यांच्या उशाशी पोचवलं. त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

काल ते पोचलं नाही. म्हणजे काल अक्का जेवल्या नाहीत. बुवांचं पानही झाकलेलंच राहिलं.

"नवा दुभाषी कुठे मिळतो?" बुवांनी विचारलं.

"इंटरनेटवर."

"आणि इंटरनेट?"

"... दुभाषी आल्यावर."

बुवांनी मांडीवर थाप मारली. "वा! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही!"

शार्दूल हसला नाही.

"गावात कोणाकडे इंटरनेट असेल ना?"

"... मंगल शेलारकडे आहे. पण तिच्याकडे नको."

का नको, ते मला ठाऊक होतं. मंगल खाली गावात दाखले काढून देण्याचं केंद्र चालवते. दिवाळीच्या सुमारास तिचा प्रिंटर बिघडला, तेव्हा तो डोक्यावर घेऊन ती चढण चढून आली होती. शार्दूलनं उठून बघितलंसुद्धा नाही. "हे माझ्या पातळीचं काम नाही," म्हणाला. तिनं प्रिंटर पुन्हा डोक्यावर घेतला आणि पाणीही न पिता उतरली. ती काही कमी तोऱ्याची बाई नाही.

"मी उद्या सकाळच्या एस.टी.नं तालुक्याला जातो," शार्दूल म्हणाला. "तिथून ड्रायव्हर उतरवून आणतो. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"एक दिवस काल झाला," बुवा म्हणाले.

बुवा भिंतीला धरून उठले. खुंटीवरची माधुकरीची झोळी काढली आणि बंद लॅपटॉपवर ठेवली.

शार्दूलचे कान लाल झाले. मठातला प्रत्येक जण झोळी घेऊन गावात जातो. हा मात्र कधी गेला नव्हता. मी यंत्र सांभाळतो, दारोदार फिरायला दुसरे आहेत, असं त्यानं आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. बुवांनी तेव्हा ते चालवून घेतलं होतं. मला मात्र तेव्हापासून राग होता, खोटं कशाला बोलू?

"झोळी खांद्यावर असली की दुसरं काही मागता येत नाही," शार्दूल म्हणाला. "एकच वाक्य बोलायचं आणि पडेल ते घ्यायचं. मग ती ड्रायव्हर कसा देईल?"

"ते ती बघेल. दिवेलागण व्हायच्या आत ये."

मला त्यांनी खुणेनंच त्याच्याबरोबर जायला सांगितलं.

निघताना शार्दूलनं अडॅप्टरचं नाव आणि नंबर एका पट्टीवर लिहिला, ती पेनड्राइव्हला चिकटवली आणि तो झोळीत टाकला. मी दुसरीकडे बघितलं.

मंगलच्या केंद्रात चार माणसं होती. शार्दूल पायरीखाली उभा राहिला. कंपनीत शेकडो लोकांपुढे बोललेला माणूस, पण इथे झोळीचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.

मंगलनं मान वर केली. "या साहेब. वाट चुकलात का?"

माणसं हसली.

शार्दूलनं माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? झोळी ज्याच्या खांद्यावर, मागायचं त्यानंच.

"काय पायजे?"

शार्दूलनं झोळी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"काय पायजे ते सांगा की. का तेबी आमच्या पातळीचं न्हाई?"

आता हा मागे फिरणार, असं मला वाटलं. त्यानं एक पाऊल मागे घेतलंही. मग थांबला, डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी झोळी पुढे धरली.

"ॐ भवति भिक्षां देहि."

आवाज चिरकला होता. पण सगळ्यांनी ऐकला.

मंगल उठून दारात आली. तिनं झोळीत वाकून बघितलं. पेनड्राइव्ह उचलला, पट्टी वाचली आणि एकदम विचारलं, "आक्का जेवल्या का?"

शार्दूलनं नकारार्थी मान हलवली.

"कालपास्नं?"

त्याची मान खाली गेली.

ती आत गेली. आम्ही उन्हात उभे होतो. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, पेनड्राइव्ह झोळीत टाकला आणि त्यावर फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि ठेचा ठेवला.

"मोकळ्या झोळीत नुसतं यंत्र टाकू नये," म्हणाली. "जावा बिगीबिगी."

चढण शार्दूल धावतच चढला. धापा टाकतच त्यानं ड्रायव्हर बसवला. कोपऱ्यातली वायफायची खूण उमटली, तेव्हा मीच ओरडलो.

पडद्यावर अक्कांचा सुकलेला चेहरा आला. "आलात का रे?" त्यांनी विचारलं. बुवांनी निरूपण सुरू केलं. रोजच्यापेक्षा लवकर आटोपलं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मग भाचीनं अक्कांना मऊ भात भरवला, आणि तो आम्ही शेवटच्या घासापर्यंत बघत बसलो.

लॅपटॉप मिटल्यावर शार्दूल बुवांच्या पायाशी येऊन बसला.

"बुवा, एक विचारू? एवढी मोठमोठी कामं केली मी. पण आज त्या दारात झोळी पुढे केली, तेव्हा जो अभिमान वाटला, तसा कधीच वाटला नव्हता. अजूनही वाटतोय. ऊर भरून आलाय..." तो थांबला. "माधुकरी मागितल्याचा अभिमान! म्हणजे मी होतो तिथेच आहे ना?"

बुवांनी झोळी ओढली, फडकं सोडलं. भाकरी मोडली, अर्धी त्याच्या हातावर ठेवली, अर्धी स्वतः घेतली. पहिला घास खाल्ला... डोळे मिटून.

मग ठेचा त्याच्यापुढे सरकवला.

"मंगलच्या हातचा आहे. चव चांगली असते... पण थोडाच घे. जास्त झाला की डोक्यात जातो."