नाव विचारणारं दार

एका व्हिडिओ गेममध्ये एक नावाडी राहत होता. गेम जुन्या वळणाचा, म्हणजे माणसं, मगरी, पिरॅमिड सगळं चौकोनी ठिपक्यांचं. नावाड्याचं नाक म्हणजे एकच ठिपका. पण काम केवढं मोठं! इजिप्तचा सूर्यदेव रा मावळला, की त्याला नावेत बसवून पाताळातून पूर्वेला न्यायचं. एके दिवशी पाताळातलं शेवटचं दार जे बंद झालं, ते उघडेचना. नाव आत अडकली. वर सकाळ होईना.

नावाड्याची मुलं, मेरित आणि तिचा धाकटा भाऊ सेनू, बाबांना सोडवायला निघाली. दोघांत मिळून तीनच जीव होते. ते संपले की खेळ संपला, आणि बाबा कायमचे अंधारात.

सेनू उड्या मारण्यात पटाईत. या फळीवरून त्या फळीवर असा सुटायचा की बघणाऱ्याला घेरी यावी. वाटेत कोणी बोलू लागलं, की त्याच्या डोक्यावर अक्षरांची चौकट उमटे. सेनू ती न वाचताच मिटवून टाकी.

"गप्पा मारायला आलोय का आपण?" तो म्हणे.

मेरितला मात्र दिसेल त्याची चौकशी. "बेडूककाका, तुम्ही या भिंतीत कसे राहता? मनीमावशी, ही वाट कुठे जाते?" किती दिवसांनी कोणीतरी विचारणारं भेटलं होतं! दोघांनी मांडी ठोकून तिला सगळं पाताळ सांगितलं. शेवटच्या दाराच्या कडीला आणि उंबरठ्यालाही नावं आहेत आणि ती कोणती, हेही सांगितलं. सेनू वैतागला आणि एकटाच पुढे पळाला.

दारापाशी पोचताच चौकट उमटली: 'माझ्या कडीचं नाव काय?' सेनूने सवयीने ती मिटवली आणि दार ढकललं. दाराने त्याला उचलून मगरीच्या तोंडात फेकलं. एक जीव गेला. मग त्याने तलवार उपसली. दुसराही गेला.

मेरित आली तेव्हा सेनूचं तोंड एवढंसं झालं होतं. "ताई, आता एकच उरलाय गं."

मेरित दारासमोर उभी राहिली.

"कडीचं नाव?" फटीतून आवाज आला.

"खरं बोल."

"उंबरठ्याचं?"

"हळू पाय ठेव."

"आणि माझं?"

हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

"ठोकून दे काहीतरी!" सेनू कुजबुजला. "रुबाबदार नाव सांग, खूश होईल."

मेरितलाही मोह झाला. पण खोटं सांगण्यापेक्षा तिला ते नाव ऐकायचीच जास्त उत्सुकता होती.

"मला नाही माहीत, आजोबा. तुम्हीच सांगा ना. कोणी ठेवलं तुमचं नाव?"

आजवर या दारापाशी किती जण आले, धक्के मारून, लाथा घालून गेले. सगळ्यांना दारापलीकडचं हवं होतं. दाराची विचारपूस कोणी केली नव्हती.

छोटे प्रश्न फटीतून विचारता येत होते. पण नाव होतं चांगलं लांबलचक. ते सांगायचं तर तोंड मोठं उघडायला हवं, आणि दाराचं तोंड म्हणजे त्याच्या दोन फळ्या.

"मी मावळत्याला जपणारा, काळोखाला झोपवणारा, उगवत्याला वाट देणारा..." दार बोलत गेलं, आणि बोलता बोलता सताड उघडलं.

नाव बाहेर आली. वर उजाडलं. मुलं बाबांच्या गळ्यात पडली. बाबांनी मात्र वळून दाराकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"रोज याच दारातून जायचो रे पोरांनो," ते म्हणाले. "पण यालाही नाव असेल, हे कधी मनातच आलं नाही."

तात्पर्य: ठाऊक नसेल ते ठोकून देऊ नये, मोकळेपणाने विचारावं, आणि ज्याच्याकडे आपलं रोज काम असतं, त्याची चौकशी तर आधी करावी.