उजव्या वळणाचा दिवा

"आठ महिने झाले, उस्ताद. माझ्या हातून गेलेली एक गाडी तक्रार घेऊन परत आलेली नाही. आता तरी सांगा, दसऱ्याला येणार ना?"

बाबालाल उस्ताद स्टुलावर बसून एका जुन्या हॉर्नच्या पट्टीवर पॉलिश पेपर घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"एकही नाही?"

"एकही नाही."

"अरेरे," उस्ताद म्हणाले. "वाईट झालं."

दिगंबरला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. तो हसला. उस्ताद हसले नाहीत.

तासगावच्या बाहेर, लिंबाच्या झाडाखाली, उस्तादांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. दिगंबर जंगम तिथंच नऊ वर्षं राबला, वायर सोलण्यापासून शिकला आणि आठ महिन्यांपूर्वी स्वतःचं दुकान काढून वेगळा झाला होता. त्या भागात एक रीत होती. उस्तादांचा शिष्य वेगळा झाला की पहिल्या दसऱ्याला उस्ताद त्याच्या दुकानात जात, पूजेला मांडलेल्या पक्कड-पान्ह्यांपाशी दोन मिनिटं बसत, चहा पीत आणि उठत. बस्स, एवढंच. पण तेवढ्यावर सगळा तालुका समजायचा की हा गडी पक्का.

उस्ताद नाही गेले तर कुणी तोंडानं काही बोलायचं नाही. गाड्या मात्र दुसरीकडे वळायच्या.

दिगंबरचा बोर्ड रंगवून तयार होता. पाहुण्यांना निरोप गेले होते. फक्त उस्तादांचा होकार यायचा होता, आणि तो काही केल्या येत नव्हता.

म्हणून आज तो रिकाम्या हातानं आला नव्हता. नलवडे बाईंची पांढरी गाडी त्यानं मुद्दाम इथवर चालवत आणली होती. बाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या. मडगार्डवरचे बाजूचे इंडिकेटर मिणमिणते म्हणून नवे एलईडी बसवून द्या म्हणाल्या होत्या. दिगंबरनं बाजूचे बसवले, आणि हौसेनं पुढचे-मागचेही बदलून टाकले. सहाच्या सहा एलईडी.

"बघा तरी एकदा!"

त्यानं उजवा इंडिकेटर लावला. भर उन्हातही दिवे लखलखले.

उस्तादांनी पेपर खाली ठेवला.

"छान दिसतंय," ते म्हणाले. "घाई नाही करत?"

दिगंबर याच प्रश्नाची वाट बघत होता.

"करत होते की! एलईडीला करंट लागतो एवढासा. दिवे लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरला वाटतं बल्ब उडाला, मग तो दुप्पट वेगानं टिकटिक करायला लागतो. बाईंना बसल्या बसल्या धडकी भरली. मी प्रत्येक दिव्याला एकेक रेझिस्टर जोडला. तो जुन्या बल्बाएवढा करंट खातो. फ्लॅशर गप्प. आता ऐका... घड्याळासारखं चालतंय."

"बल्ब उडाला की फ्लॅशर घाई का करतो रे?"

हा तर पहिल्या वर्षाचा धडा. दिगंबरला जरा रागच आला.

"चालवणाऱ्याला कळावं म्हणून. बाहेरचा दिवा त्याला आतून दिसत नाही."

"बरोबर," उस्ताद उठले. "आत बस. मी मागे जातो. तू डोळे मिट आणि ऐक. काही बदललं की हाक मार."

दिगंबर आत बसला. डोळे मिटले. टिक... टिक... टिक...

मागे डिकी उघडल्याचा आवाज आला. शोधा, तो मनात म्हणाला, हवं तेवढं शोधा. एक टाका कच्चा सापडायचा नाही.

टिक... टिक... टिक...

"काही बदललं?" मागून आवाज आला.

"नाही, उस्ताद."

"नीट ऐक."

"ऐकतोय. एकदम बरोबर चाललंय."

"नक्की?"

"शपथेवर सांगतो!"

"मग उतर खाली."

तो उतरला. मागे गेला.

मागचा उजवा दिवा लागत नव्हता. त्यातला बल्ब उस्तादांच्या तळहातावर होता.

आत टिकटिक चालूच होती. तितकीच शांत, तितकीच बरोबर.

दिगंबरनं वाकून रिकाम्या दिव्यात बघितलं. एवढं साधं! नऊ वर्षं जे ज्याला त्याला तोंडपाठ सांगितलं, तेच स्वतःच्या हातानं मारून टाकलं. गाडीचं बोलणंच बंद करून तो तिची तारीफ करत बसला होता.

"बाई शाळेला कुठून वळतात?" उस्तादांनी विचारलं.

"कवठ्याच्या फाट्याला."

"कुठल्या हाताला?"

"...उजव्या."

हायवेवरचा तो फाटा दोघांनाही माहीत होता. मागून उसाच्या ट्रॉल्या, ट्रक, एसट्या, सगळं सुसाट. बाई आत बसून टिकटिक ऐकणार आणि निर्धास्त वळणार.

"रेझिस्टर काढून टाकतो," तो घाईनं म्हणाला. "पुढचे-मागचे पहिले बल्ब परत लावतो. बाजूचेच एलईडी ठेवतो. तेवढ्यानंही घाई करायला लागला तर तेही काढतो."

"आणि बाईंना?"

"काय सांगायचं त्यांना? नवा माल खराब निघाला असं..."

उस्ताद त्याच्याकडे नुसते बघत राहिले.

"...सांगतो," दिगंबर म्हणाला. "माझी चूक झाली म्हणून सांगतो."

उस्तादांनी बल्ब त्याच्या हातात दिला आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसले. दिगंबर मागोमाग गेला, पण बसला नाही.

"दिगू, आठ महिन्यांत गाडी परत आली नाही म्हणालास."

"हो."

"माणूस आला होता?"

दिगंबरनं हातातला बल्ब खिशात टाकला.

"एक आला होता," दिगंबर म्हणाला. "सावळजचा टेम्पोवाला. वायपर मधेच बंद पडतो म्हणत होता. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती..."

"मग?"

"मी म्हटलं, माझ्या कामात खोट निघायची नाही. तुलाच वापरता येत नाही. वायपर आहे तो, नांगर नव्हे."

"हसली असतील चौघं."

"हसली."

"तो?"

"तो गेला."

"परत आला?"

"नाही."

"आणि तो नाही आला, हे तू शाबासकीत धरलंस."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं दिगंबरला वाटलं. नऊ वर्षांत उस्तादांनी पक्कड फेकून मारली होती, आईबहिणीवरच्या शिव्या सोडून सगळं बोलले होते, पण इतकं लागलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं बाहीनं पुसले.

"वायपरचं काम कच्चंच राहिलं होतं, उस्ताद," तो म्हणाला. "तो सांगत होता तेव्हाच मला कळलं होतं. अर्थिंगची वायर घट्ट आवळली नव्हती. चारचौघांत कबूल कसं करायचं, म्हणून..."

उस्तादांनी पुन्हा हॉर्नची पट्टी हातात घेतली.

"नाव काय त्याचं?"

दिगंबरनं आठवून बघितलं.

"विचारलं नाही."

"हं."

पट्टीवर पेपरचा खरखर आवाज सुरू झाला. रस्त्यावरून एक एसटी गेली. दिगंबर उभाच होता. शेवटी त्यानं मन घट्ट केलं. हे विचारल्याशिवाय गेलो तर पुन्हा विचारायची हिंमत होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"आज गाडी नीट करतो. उद्या सावळजला जातो, घरोघरी विचारतो, पण त्याला शोधतो. दसऱ्याला पाहुण्यांबरोबर त्यालाही बोलावतो. सगळ्यांसमोर माफी मागतो," तो म्हणाला. "मग तरी... तुम्ही याल ना?"

उस्तादांनी पट्टीवर फुंकर मारली. धूळ उडाली. मग त्यांनी दिगंबरच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"तो आला, तर माझी गरज नाही. तो नाही आला, तर माझा उपयोग नाही."